ओट्याखालचा कोपरा

हरिश्चंद्र राऊतांच्या वाडीत पाच-सहा हजार वर्षांपूर्वी माणसं राहत होती, ही बातमी गिरीज गावात पसरली तेव्हा गावाने विचारलेला पहिला प्रश्न होता, "मग सातबारा कोणाच्या नावावर होता?"

प्रश्न बरोबरच होता. नव्व्याण्णव सालाच्या त्या दिवसांत वसईत जमिनीबद्दल दुसरा प्रश्न कोणी विचारत नसे. ज्या वाडीत यंदा केळीचे घड लटकत, तिथे पुढच्या वर्षी बाल्कन्या लटकत. गावातल्या विहिरींचं पाणी टँकरमध्ये बसून बिल्डिंगांत राहायला जायचं, आणि बिल्डिंगांतली माणसं रविवारी हवा खायला गावात यायची. जाणं-येणं दोन्हीकडून होतं, तक्रारीला जागा नव्हती.

हरीभाऊंनी उभी हयात वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून काढली. वाण्याचा तराजू हातात आला की आधी पारडं उलटं करून बुडाला चिंच चिकटवली आहे का ते बघायचं, ही खात्याची शिकवण त्यांनी घरीदारी पाळली. बायको मंदा म्हणायची, "स्वर्गाच्या दारातसुद्धा तुम्ही आधी परवाना मागाल." मग तीच पुढे निघून गेली, कोणाकडे काही न मागता. तेव्हापासून वाडीत हरीभाऊ एकटे. शेजारच्या वाडीतला ॲन्सेल्म लोपीस, शाळेपासूनचा सोबती, रोज काहीतरी मागायला यायचा आणि मागायचं विसरून गप्पा मारून जायचा.

गेल्या श्रावणात विहिरीच्या काठावर हरीभाऊंचा पाय घसरला. ॲन्सेल्मला नेमका कढीपत्ता हवा होता म्हणून ते सापडले. त्या दिवसापासून मुलगा अनिश हात धुऊन मागे लागला. तो आणि सून ऋतिका विरारला, फुलपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर राहत. बाबांसाठी तिथे वेगळी खोली होती. तिच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची अगदी त्याच मापाची खिडकी दिसायची.

"बाबा, तुम्ही पुन्हा पडलात तर मला कळणार कसं?" अनिश दर रविवारी विचारायचा.

"पडलो की सांगतो ना."

"थट्टा नको. मला खरंच झोप लागत नाही."

हे खरं होतं. पोरगा वाईट नव्हता. त्याच्या डोळ्यांखालचं काळं हरीभाऊंना दिसत होतं. शेवटी, संक्रांत होऊ दे, मग बिल्डरच्या कागदांवर सह्या करतो, असं त्यांनी कबूल केलं. शब्द दिला, आणि त्या दिवसापासून ते नारळींखालून जाताना मान खाली घालून जाऊ लागले. नारळ पडेल म्हणून नव्हे.

मंदा वाडीत आहे, असं त्यांनी कोणाला सांगितलं नसतं. वजनमापांच्या माणसाला ते शोभलं नसतं. पण पाटाच्या कडेला तिची अबोली अजून फुलत होती, राजेळी केळ्यांच्या ज्या घडांची ती उन्हात वाळवून सुकेळी करायची ते घड अजून त्याच खुंटांवर येत होते. हे सगळं फुलपाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर नेण्यासारखं नव्हतं. लिफ्टही नव्हती.

तर दिवाळीनंतर बिल्डरने माती तपासायला माणसं पाठवली. त्यांनी घर आणि विहीर यांच्या मधे खड्डा घेतला. कमरेइतकं खाली गेल्यावर काळी माती लागली, तिच्याखाली शिंपल्यांचा जाड थर, आणि थरात नखाएवढी, वस्तऱ्यासारखी गारगोटीची पाती. एकाचा अंगठा कापला. त्याला हळद लावता लावता हरीभाऊंनी पाती खिशात घातली आणि ओळखीच्या एका कॉलेजातल्या मास्तरांना दाखवली. पंधरवड्यात पुण्याहून राधिकाबाई दारात उभ्या.

राधिकाबाई चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, मूळच्या फलटणकडच्या. पुरातत्त्वातल्या असूनही मुद्द्याचं आधी बोलत.

"काका, पाती चांगलीच आहेत, पण अशी पाती बऱ्याच ठिकाणी मिळतात. माणूस आला, बसला, कालवं खाल्ली, गेला. त्याला आम्ही मुक्काम म्हणतो. घर मिळालं तर ती वस्ती."

"आणि वस्ती मिळाली तर?"

"तर जागा संरक्षित करा म्हणून मी वर लिहीन. मग इथे एक वीटही कोणाला रचता येणार नाही."

"आणि आत्ता जो राहतोय, त्याचं?"

"त्याने खुशाल राहावं. झाडं, विहीर, घर, सगळं जसंच्या तसं. फक्त खणायचं नाही."

हरीभाऊंनी चहात साखर जास्त घातली आणि सुकेळीचा डबा काढला. त्यांच्या आयुष्यात प्रथमच सरकारी खात्याचं काम निघावं असं त्यांना मनापासून वाटत होतं.

काम सुरू झालं. सुतळ्या ताणून चौकोन आखले. विद्यार्थी खुरप्याने चिमूट-चिमूट माती काढत, मग रंगाऱ्याच्या ब्रशने जमीन झाडत, मग चाळणीत माती चाळून पुन्हा बघत. ॲन्सेल्म केळीच्या सावलीत स्टूल टाकून बसायचा.

"हरी, एवढी माणसं, एवढे दिवस, आणि खड्डा गुडघ्याएवढा. ही पंचायतीकडून आलीत का रे?"

"हळू बोल. शास्त्र आहे ते."

"शास्त्रच म्हनतोय मी. आमच्या माळ्यावर आजीचा पाटा पडलाय. रविवारी टाकायचा का आत? पोरं खूश होतील."

"त्याच्यावर तुझ्या आजीचं नाव कोरलंय."

"ख्रिस्तपूर्व आहे म्हनून सांगू."

पाटा टाकावा लागला नाही. संक्रांत आली. अनिश तिळगूळ आणि कागद दोन्ही घेऊन आला. खड्डा बघून त्याने डोक्याला हात लावला. हरीभाऊ म्हणाले, "यांचं काम मे महिन्यापर्यंत आहे. तोपर्यंत घर मिळालं नाही, तर सही. या वेळी नारळाची शपथ." अनिशने तिळगूळ तेवढा ठेवला.

आणि त्याच आठवड्यात, शिंपल्यांचा थर उचलल्यावर, खाली जमीन लागली.

जमीन म्हणजे माती नव्हे. चोपलेली, सपाट, हाताने लिंपलेली जमीन. एका मुलीने ब्रश फिरवला आणि तिच्यावर अर्धवर्तुळं उमटली. एकात एक अडकलेली, कोयरीसारखी वळलेली बोटांची अर्धवर्तुळं. राधिकाबाई गुडघ्यांवर बसल्या.

"सारवण," त्या म्हणाल्या. "काका, बघा. सारवण आहे हे. माझी आई अगदी असंच..." पुढचं वाक्य त्यांनी ओढणीत पुसलं.

वरचा शिंपल्यांचा थर कुठेही फुटलेला नव्हता. तो फुटलेला नाही, हे राधिकाबाईंनी चारही बाजूंनी पाहून घेतलं, हरीभाऊंनी पाचव्यांदा पाहिलं. थराखाली जे होतं ते थर पडण्याआधीचं. त्यात चिंच चिकटवायला जागा नव्हती.

मग हरीभाऊ वाकले आणि त्यांनी बोटांच्या रेघा पाहिल्या.

एक रेघ. मग फट. मग दोन रेघा.

लग्न होऊन आली त्या वर्षी मंदाच्या उजव्या हाताचं मधलं बोट विहिरीच्या रहाटात सापडलं होतं. हाड बसलं, पण बोट वर उचललेलंच राहिलं, जन्मभर काहीतरी सांगायचं असल्यासारखं. घरात फरशी आली तरी ती ओटा आणि अंगण सारवायची. बांगड्या कोपरापर्यंत चढवून, पदर खोचून, मागे मागे सरकत. तिच्या प्रत्येक वळणात एक रेघ, मग फट, मग दोन रेघा. ओलं असताना कोणी पाय टाकायचा नाही. वजनमापांचे निरीक्षक हातात चामडी पिशवी घेऊन उंबऱ्यावर उभे असायचे, समोर ओलं अंगण, पलीकडे रस्त्यावरून एसटी निघून जायची, आणि ती हसून म्हणायची, "आज वाण्यांना जरा सुखाने विकू द्या." त्या वासात, शेणाच्या आणि ओल्या मातीच्या, हरीभाऊंनी किती सकाळी उशीर केला असेल. तेव्हा चिडले होते. आता त्यातली एक सकाळ परत मिळाली असती तर त्यांनी सगळ्या तालुक्याचे तराजू माफ केले असते.

जगात वाकड्या बोटांना तोटा नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. सहा हजार वर्षांत एखादीचं मोडलंच असेल.

पण स्वभाव गप्प बसू देईना. दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा ते सुतळीचा तुकडा घेऊन मागच्या पडक्या गोठ्यात गेले. तिथल्या भिंतीवर मंदाचं शेवटचं सारवण अजून टिकून होतं. त्यांनी रेघ, फट, रेघा यांवर सुतळी धरून गाठी मारल्या. मग खड्ड्यात उतरून त्याच गाठी खालच्या जमिनीवर धरल्या.

सुतळीची चूक असू शकते. ती ओलीने आखडते, उन्हाने सैलावते. हरीभाऊंनी हे सगळं मनातल्या मनात नोंदवलं आणि सुतळी चुलीत टाकली. गाठीवर गाठ बसली होती.

त्यानंतर जमीन ओली दिसू लागली.

सकाळी ताडपत्री काढली की सारवण काळपट, ताजं दिसायचं. उन्हं चढली की फिकं पडायचं. राधिकाबाई म्हणाल्या, जमिनीतलं पाणी वर चढतंय. हरीभाऊंनी जाऊन विहिरीत डोकावून पाहिलं. विहिरीने त्या वर्षी तळ दाखवला होता, पंप हवा ओढत होता.

"वास कसला येतोय?" ॲन्सेल्मने एके सकाळी नाक वर केलं. "गाय घेतलीस का रे?"

"नाही."

"मग शेन कोनाचं?"

आसपास गाय कोणाकडे उरली नव्हती. दूध पिशवीतून येत होतं. हरीभाऊ म्हणाले, "खताचा असेल," आणि ॲन्सेल्मने मान डोलावली. पण त्या दिवसापासून त्याने स्टूल चार केळी मागे सरकवलं.

फेब्रुवारीच्या शेवटी आणखी एक गोष्ट झाली. खड्ड्याच्या मधोमध, जिथे आदल्या दिवशी नुसती चोपलेली माती होती, तिथे सकाळी अर्धवर्तुळं होती. माती कोरीच होती, हे हरीभाऊंनी पाहिलं होतं. ब्रश फिरवणाऱ्या मुलीनेही पाहिलं होतं. ती राधिकाबाईंकडे बघत राहिली.

"काल उन्हाचा कोन वेगळा होता," राधिकाबाई म्हणाल्या. "दिसलं नसेल."

असं म्हणताना त्या कोणाकडे बघत नव्हत्या.

पुढच्या आठवड्यात अर्धवर्तुळं आणखी पुढे आली. मग आणखी. उन्हाचा कोन रोज थोडा घराकडे सरकत होता म्हणायचा.

एका दुपारी राधिकाबाई खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसल्या होत्या. हरीभाऊंनी त्यांना चहा दिला.

"काका, एक गंमत सांगू? सारवायचं कसं असतं? आतल्या भिंतीपासून सुरुवात, मागे मागे सरकत दारापर्यंत. शेवटचा हात उंबऱ्याशी. मग आपण बाहेर."

"हो."

"इथे उलटं आहे. विहिरीकडच्या बाजूला दार होतं, खांबांच्या खळग्या तिथे मिळाल्यात. सगळ्यात खालचा हात दाराशी आहे. त्याच्यावर पुढचा, त्याच्यावर त्याच्या पुढचा. ही बाई दारापासून सारवत आत गेलीय. तोंड बाहेर, पाठ आत, कोपऱ्याकडे. म्हणजे शेवटी कोपऱ्यात अडकली असणार. सगळीकडे ओलं, बाहेर यायला वाट नाही."

"मग काय केलं असेल तिने?"

"बसली असेल. सुकेपर्यंत." त्या हसल्या. "आमच्या आईने पाहिलं असतं तर झोडपलं असतं तिला. असं कोणी करत नाही."

"कोणी आत येऊ नये म्हणून केलं असेल," हरीभाऊ म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "किंवा आपल्याला बाहेर पडावं लागू नये म्हणून."

राधिकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चहा संपवला.

"तो कोपरा मला लागणार आहे काका. नुसती जमीन म्हटली तर वरचे लोक अंगण म्हणतील, खळं म्हणतील. कोपरा मिळाला की घर होतं. पण तो खड्ड्यात नाहीये." त्यांनी कप हातात धरूनच दाखवलं. "तो तुमच्या ओट्याखाली आहे."

हरीभाऊंनी वळून पाहिलं. घराचा ओटा. वडिलांनी बांधलेला, दगडी काठाचा. त्याच्या उजव्या टोकाला मंदा बसायची, अबोलीचे वळेसर ओवत, पाय खाली सोडून. ती गेल्यावर तिथे कोणी बसलं नव्हतं. ॲन्सेल्मसुद्धा नाही.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले.

विचार साधा होता. ओटा फोडला नाही, तर घर नाही. घर नाही, तर मे महिन्यात सही, जेसीबी, आणि ओटाच काय, वाडीचं नावही उरणार नाही. हे तराजूचं एक पारडं. दुसऱ्यात काय होतं, ते त्यांना नीट वजन करता येईना. एवढंच वाटत होतं की तिथे कोणी बसलं असेल, तर विचारल्याशिवाय अंगावर ऊन पाडू नये.

एप्रिल उजाडला. अनिशचा निरोप आला की तो येत्या रविवारी बिल्डरच्या माणसाला घेऊन येतोय, नुसतं बोलायला.

हरीभाऊ ओट्याच्या उजव्या टोकाशी जाऊन उभे राहिले. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून घेतलं.

"अगं," ते म्हणाले, "जरा उघडावं लागतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी राधिकाबाईंना पहार आणून दिली.

ओटा फोडायला दोन दिवस गेले. ॲन्सेल्म मदतीला आला, पण दगड उचलताना सारखा छातीवर क्रूस काढत होता. "सवय आहे," तो म्हणाला. त्याला तशी सवय नव्हती. ओट्याखाली मुरूम, त्याखाली काळी माती, त्याखाली शिंपल्यांचा तोच थर, अखंड. रविवारी सकाळी तो उचलला. अनिश आला होता. बिल्डरचा माणूस मोटरसायकलजवळच थांबला, बूट खराब होतील म्हणून.

राधिकाबाईंनी स्वतः ब्रश फिरवला.

आधी खांबाची खळगी दिसली. मग भिंतीचा पाया, काटकोनात वळलेला. मग अर्धवर्तुळं, दाट, एकावर एक चढत कोपऱ्याकडे निघालेली. एक रेघ, फट, दोन रेघा.

मग ती थांबली.

कोपऱ्यात एक तुकडा कोरा होता. तिथे हात फिरलेला नव्हता. सगळीकडची जमीन दमट, काळी, आणि तेवढाच तुकडा पिठासारखा कोरडा. उकिडवं बसलेल्या एका माणसापुरता.

त्यात दोन पावलं होती. लहान, बाईमाणसाची. टाचा खोल, बोटं बाहेरच्या बाजूला. आणि त्यांच्यापासून दूर जाणारं तिसरं पाऊल कुठेही नव्हतं.

"घर आहे," राधिकाबाई म्हणाल्या. "काका, घर आहे."

विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. बिल्डरच्या माणसाने दुरून विचारलं, काय सापडलं? घर, कोणीतरी म्हणालं. त्याने मोटरसायकल चालू केली. त्या धंद्यातली माणसं सापाला भीत नाहीत, कोर्टाला भीत नाहीत, पण जुनं घर सापडलं म्हटलं की त्यांचा नाइलाज होतो.

अनिश खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता. बराच वेळ त्या पावलांकडे बघत.

"म्हणजे आता तुम्ही इथेच," तो म्हणाला.

"आता इथेच."

"एकटे?"

हरीभाऊंनी कोपऱ्यातल्या पावलांकडे पाहिलं.

"ॲन्सेल्म आहे," ते म्हणाले.

अधिकारी आले, बघून गेले. कुंपणाला निळी पाटी लागली. त्यातली अर्धी अक्षरं सरकारी होती, उरलेली वाचता येत होती. अनिशने बाबांच्या उशाशी टेलिफोन बसवून दिला आणि रोज संध्याकाळी फोन करायची अट घातली. खड्डा वाळूने आणि प्लॅस्टिकने झाकला. कोपरा मात्र पुढच्या हंगामात साच्यात उचलून पुण्याला न्यायचा होता, म्हणून त्याच्यावर नुसत्या फळ्यांचं झाकण आणि वर पत्रे.

"वाळवी लागतेय का, पाणी शिरतंय का, एवढं बघा काका," निघताना राधिकाबाई म्हणाल्या. मग गाडीत बसून पुन्हा उतरल्या. "आणि नाही बघितलं तरी चालेल," त्या म्हणाल्या. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि गेल्या.

मे महिन्याची दुपार होती. वाडी गप्प. केळीची पानंसुद्धा हलत नव्हती. ॲन्सेल्म कैऱ्या मागायला आला होता आणि मागायचं विसरून ओट्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावर आडवा झाला होता.

हरीभाऊंनी पत्रे बाजूला केले. मग फळ्या.

वास आला. ताजा, सकाळचा.

सारवण ओलं होतं.

पण ते मागे हटलं होतं. कोपऱ्याला लागलेली शेवटची दोन-चार अर्धवर्तुळं पुसून त्यांच्या जागी कोरडी माती निघाली होती, झाडून घेतलेली. ती दोन पावलं त्या रविवारी होती तिथे नव्हती. भिंतीला लागून सरकली होती, एसटीत आपलं माणूस चढताना दिसलं की आपण खिडकीकडे सरकतो तशी.

शेजारी एका माणसापुरती जागा होती.

"काय रे हरी," ओट्यावरून ॲन्सेल्मने डोळे न उघडता विचारलं, "पानी शिरलं काय?"

"नाही," हरीभाऊ म्हणाले. "कोरडं आहे."

आणि त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या.